परिक्रय आणि यजमानत्व : बॅटरीविषयीच्या ज्ञानाचा कर्ता कोण?

बॅटरी तयार करणाऱ्या किंवा मोठ्या संख्येने वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो. चाचणीगृहात महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज होत राहणारे सेल आणि रस्त्यावर धावणारी वाहने यांच्याकडून जो डेटा अखंड जमा होत असतो, त्याचा अर्थ लावणारे सॉफ्टवेअर संस्थेने स्वतः घडवावे, की त्याच कामाला वाहिलेल्या कंपनीकडून विकत घ्यावे? व्यवस्थापनाच्या बैठकीत याचा निकाल सहसा खर्चाच्या हिशेबावर लागतो : किती प्रोग्रॅमर किती वर्षे गुंतवावे लागतील, परवान्याचे वार्षिक शुल्क किती पडेल, बाजारात उतरायला किती उशीर होईल. हा हिशेब आवश्यकच आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तो मांडताना एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती अशी की बॅटरीविषयीचे ज्ञान हा इतर मालासारखाच एक माल आहे आणि पैसे मोजले की तो घेणाऱ्याचा होतो. हे गृहीतक कितपत टिकते हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. कोणते कर्म दुसऱ्याकडून करवून घेता येते आणि कोणते येत नाही, याचा विचार पूर्वमीमांसेने केला; दुसऱ्याच्या शब्दावरून झालेले ज्ञान केव्हा प्रमाण मानावे, याचा विचार न्यायदर्शनाने केला; आणि या दोन्ही विचारांना एकत्र आणल्याशिवाय घडवावे की विकत घ्यावे या प्रश्नाचे खरे स्वरूप उघड होत नाही.

प्रथम हे पाहिले पाहिजे की बॅटरीच्या बाबतीत 'जाणणे' म्हणजे नेमके काय असते. पेट्रोलच्या टाकीत काठी घालून पातळी पाहता येते. लिथियम-आयन सेलमध्ये किती ऊर्जा शिल्लक आहे, हे तसे पाहण्याचा कोणताही मार्ग नाही. मोजता येतात ती तीनच राशी : विद्युतदाब, प्रवाह आणि तापमान, आणि त्यांच्या जोडीला काळ. बाकी सर्व, म्हणजे चार्ज किती उरला, सेलची मूळ क्षमता कितीने घटली, आतला रोध किती वाढला, तो आणखी किती वर्षे टिकेल, हे अनुमान असते. प्रवाह सतत मोजून त्याची बेरीज करत राहणे ही चार्ज ओळखण्याची सर्वांत सरळ पद्धत होय. परंतु १०० अँपिअर-तासांच्या पॅकवरील प्रवाहमापकात केवळ ०.१ अँपिअरची स्थिर चूक असली, तरी २४ तासांत २.४ अँपिअर-तासांचा, म्हणजे २.४ टक्क्यांचा फरक साचतो आणि दुसऱ्या दिवशी तो दुप्पट होतो. ही चूक सुधारण्यासाठी विश्रांतीच्या वेळच्या दाबाचा आधार घेतात, कारण रिकाम्या आणि भरलेल्या सेलचा दाब वेगळा असतो. पण लोह-फॉस्फेट जातीच्या सेलमध्ये हा दाब मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.३ व्होल्टच्या आसपास जवळपास सपाट राहतो, त्यामुळे मापनातील काही मिलिव्होल्टची चूकसुद्धा चार्जच्या अंदाजात अनेक टक्क्यांची होऊन बसते. म्हणून रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गाळणीसारख्या गणिती पद्धती वापरून या दोन अपुऱ्या साक्षींमध्ये मेळ घालावा लागतो.

आयुष्याचा प्रश्न तर याहून सूक्ष्म आहे. सेल चार्ज होताना ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर जो पातळ थर बनतो, तो सेलचे रक्षणही करतो आणि प्रत्येक चक्रात थोडे लिथियम कायमचे अडकवूनही ठेवतो. दर चक्रात ९९.९ टक्के लिथियम परत मिळत असेल आणि उरलेले दरवेळी कायमचेच गमावले जात असेल, तर हजार चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ३७ टक्केच शिल्लक राहील. तेच प्रमाण ९९.९९ टक्के असेल तर सुमारे ९० टक्के राहील. चांगल्या आणि वाईट सेलमधला हा सगळा फरक दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थानावर दडलेला असतो, आणि कॅनडातील डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने अत्यंत अचूक चार्जमापनाची जी परंपरा निर्माण केली, तिचे महत्त्व यातच आहे. ज्या वस्तूविषयीचे जवळजवळ सर्व ज्ञान आनुमानिक आहे, तिच्या बाबतीत अनुमानाचे साधन कोणाच्या हाती आहे, याला केवळ सोयीचा प्रश्न म्हणता येत नाही.

जैमिनींच्या मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या पादात एक अधिकरण आहे, म्हणजे एकाच विषयावरील पूर्वपक्ष आणि सिद्धान्त असलेली चर्चा आहे, आणि तिचा विषय या प्रश्नाशी थेट भिडतो. वेद सांगतो की अमुक फळाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा. यज्ञात शेकडो क्रिया असतात. ज्योतिष्टोमात त्या पार पाडण्यासाठी १६ ऋत्विज, म्हणजे याज्ञिक, लागतात. मग विचारले जाते की फळ ज्याला मिळायचे त्या यजमानानेच सर्व क्रिया स्वतः कराव्यात काय? पहिला पक्ष म्हणतो, होय, कारण फळ करणाऱ्याला मिळते असे शास्त्रावरून दिसते, आणि दुसऱ्याने केले तर फळ दुसऱ्याचे होईल. मधला पक्ष म्हणतो की द्रव्याचा त्याग, म्हणजे 'हे माझे राहिले नाही' असा संकल्प, एवढेच प्रधान असल्यामुळे तेवढे यजमानाने करावे, उरलेले स्वतः करावे किंवा करवून घ्यावे. सिद्धान्त त्याही पुढे जातो : उरलेले दुसऱ्यांकडूनच करवून घ्यावे, कारण दक्षिणा देऊन ऋत्विजांचा परिक्रय करावा, म्हणजे त्यांची सेवा विकत घ्यावी, असे विधानच आहे, आणि स्वतःला स्वतःकडून विकत घेणे संभवत नाही. मीमांसकांच्या दृष्टीने दक्षिणा हे दान नव्हे, ते कामाचे वेतन आहे. याच्या लगतच्या पादात मात्र तितक्याच ठामपणे काही गोष्टी यजमानाकडे राखून ठेवल्या आहेत. ऋत्विजांची निवड आणि परिक्रय हे स्वतः यजमानाचेच कर्म आहे; व्रत आणि तप यजमानानेच आचरायचे आहे; आणि ज्याला कर्माचे ज्ञान नाही अशा अविद्वानाला यजमान होण्याचा अधिकारच नाही.

या विवेचनाचे मोल असे की ते 'स्वतः करणे' या गोष्टीला सरसकट पवित्र मानत नाही आणि 'विकत घेणे' याला सरसकट कमीपणाही मानत नाही. हजारो वर्षे पवित्रतम मानल्या गेलेल्या कर्मातील बहुतेक हालचाली मोल देऊन करवून घेतलेल्या असाव्यात, असे हे शास्त्र संकोच न बाळगता सांगते. त्याचा आग्रह वेगळ्या ठिकाणी आहे : प्रत्येक कर्मात असा एक अंश असतो की जो दुसऱ्याने केला तर कर्मच उरत नाही, आणि तो अंश कोणता हे ठरवल्याशिवाय बाकीचा व्यवहार करू नये. विधिवाक्यांच्या अर्थासाठी घडवलेले हे नियम व्यवहारात आणणे ही काही आजची ओढाताण नाही. धर्मशास्त्रकारांनी वारसा, विभागणी, ऋण यांच्या निर्णयात मीमांसेचे न्याय शतकानुशतके वापरले आहेत, आणि महाराष्ट्रात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेल्या मीमांसाकोशामुळे हे विखुरलेले न्याय अभ्यासकाला एका जागी सापडतात. एवढे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे की अधिकाराची हीच संकल्पना परंपरेने जन्मावरून माणसांना ज्ञानापासून दूर ठेवण्यासाठीही वापरली, आणि तो वापर अन्यायाचाच होता. येथे घ्यायची आहे ती अधिकाराची दुसरी अट, विद्वत्तेची, जी कोणालाही कष्टाने मिळवता येते.

आता बॅटरीच्या डेटाकडे वळून विचारता येते की येथे राखून ठेवण्याजोगा अंश कोणता. पहिल्या नजरेला वाटते की गणिती सूत्रे, आलेख, गोदामाएवढा डेटा साठवण्याची यंत्रणा हेच महत्त्वाचे असणार. वस्तुतः या साऱ्या ऋत्विजांच्या क्रिया आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळशा दुसऱ्याने अधिक चांगल्या केलेल्या असतात. चाचणीगृहातील टेस्टर, म्हणजे सेलला ठरल्या क्रमाने चार्ज-डिस्चार्ज करणारी यंत्रे, वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि प्रत्येकाच्या फाइलची मांडणी निराळी असते. एका फाइलमध्ये डिस्चार्जचा प्रवाह उणे चिन्हाने येतो, दुसरीत चिन्ह नसून क्रियेचे नाव वेगळ्या स्तंभात असते. एकीत चक्र चार्जपासून मोजले जाते, दुसरीत डिस्चार्जपासून. एकीत वेळ सेकंदांत असते आणि दुसरीत तास-मिनिटांत. ही विसंगती सोसणे आणि सोडवणे यात हुशार अभियंत्यांची वर्षे जातात, आणि हे काम ज्यांनी अनेक ग्राहकांसाठी आधीच केलेले आहे त्यांच्याकडून ते घेण्यात कमीपणा नाही. म्युनिकची ट्वाइस, आखेनची अक्युअर, अमेरिकेतील व्होल्टाइक अशा कंपन्या याच कामावर उभ्या राहिल्या आहेत.

संकल्पाचा अंश कोठे आहे, ते एका साध्या हिशेबातून दिसते. एखाद्या सेलवर ५० अँपिअर-तास क्षमता छापलेली आहे. कारखान्यातून बाहेर पडताना त्याची प्रत्यक्ष मोजलेली क्षमता ५२ अँपिअर-तास होती. काही वर्षांनी ती ४१ वर आली. या सेलचे आरोग्य किती? छापील क्षमतेशी तुलना केली तर ८२ टक्के, आरंभीच्या मोजलेल्या क्षमतेशी केली तर ७९ टक्क्यांना किंचित कमी. हमीची मर्यादा ८० टक्के असेल, तर एका व्याख्येनुसार ग्राहकाला नवी बॅटरी मिळेल आणि दुसऱ्या व्याख्येनुसार मिळणार नाही. त्यातही क्षमता कोणत्या तापमानाला मोजायची, किती वेगाने डिस्चार्ज करून, किती विश्रांतीनंतर, आणि चाळीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत रोज थोडी थोडी चार्ज होणारी दुचाकी किती 'चक्रे' फिरली असे म्हणायचे, हे प्रश्न उरतातच. विकत आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये या सर्वांची उत्तरे आधीच भरलेली असतात. ती चुकीची असतात असे नाही. ती दुसऱ्याने दिलेली असतात, एवढेच. 'आरोग्य' म्हणजे काय हे ज्या संस्थेने स्वतः ठरवले नाही, तिने कोणाशी प्रामाणिक राहायचे हेही ठरवलेले नसते, आणि तरीही ग्राहकासमोर उभे राहून वचन देणारी तीच असते. त्यागाच्या संकल्पाची जागा येथे व्याख्येने घेतली आहे.

तपाचीही एक जागा आहे, आणि तिचा उल्लेख खर्चाच्या तक्त्यात कधीच येत नाही. जो सेल अपेक्षेआधी निकामी झाला, तो आर्गॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत उघडून पाहावा लागतो. पूर्ण चार्ज केलेल्या निरोगी ग्रॅफाइटचा रंग सोनेरी असतो. त्यावर जेथे राखाडी-रुपेरी डाग दिसतात, तेथे लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचले आहे असे कळते, आणि त्याचे कारण बहुधा थंडीत केलेले चार्जिंग किंवा सेलला न झेपणारा वेग यांत सापडते. अनुमानाच्या या विशाल प्रदेशात प्रत्यक्षाचा हा एवढाच तुकडा आहे. ज्या अभियंत्याने पडद्यावरील आलेखाचा उतार पाहिला, आणि नंतर त्याच सेलच्या पोटातला डाग पाहिला, त्याच्या मनात हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, आणि साध्य, म्हणजे त्या खुणेवरून कळणारी गोष्ट, यांचा संबंध ज्या रीतीने दृढ होतो, तो परवाना खरेदी करून येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थेने सेल उघडण्याचे काम बंद करणे ही बचत नसून ज्ञानाच्या मुळावर घातलेला घाव आहे.

कर्माच्या बाजूने एवढा निर्णय झाल्यावर ज्ञानाच्या बाजूचा प्रश्न उरतो : परिक्रीत सॉफ्टवेअर जे सांगते, त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? चार्वाकांनी केवळ प्रत्यक्ष प्रमाण मानले. बौद्ध तार्किक आणि वैशेषिक यांनी त्याला अनुमानाची जोड दिली. न्यायदर्शनाने मात्र शब्द, म्हणजे आप्ताचा उपदेश, हे स्वतंत्र प्रमाण म्हणून स्वीकारले. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने भाष्यात दिलेले लक्षण असे की ज्याने वस्तू स्वतः साक्षात जाणलेली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, अशी उदार पुस्तीही त्याने जोडली. या कसोटीवर विक्रेता पुष्कळदा चांगला उतरतो. एका संस्थेने आपल्याच सेलचा एक-दोन प्रकारचा ऱ्हास पाहिलेला असतो, तर त्याने अनेक ग्राहकांचे अनेक प्रकारचे सेल पाहिलेले असतात. भूयोदर्शन, म्हणजे वारंवार केलेले निरीक्षण, हे व्याप्तिज्ञानाचे, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या अटळ साहचर्याच्या ज्ञानाचे, साधन आहे असे नैयायिक मानतात, आणि ते विक्रेत्याकडे अधिक असते. स्वतः घडवण्याच्या आग्रहात जो अभिमान असतो, तो या साध्या सत्याकडे पाठ फिरवतो. शिवाय 'सर्व स्वतःचे' असे काही नसतेच. स्वतः लिहिलेल्या प्रणालीच्या तळाशीही सेल पुरवठादाराचे माहितीपत्रक, इतरांनी रचलेली गणिती साधने आणि पूर्वसूरींचे शोधनिबंध असतात, म्हणजे शब्दप्रमाण तेथेही असतेच, फक्त ते लपलेले असते.

अडचण व्याप्तीच्या मर्यादेत आहे. हेतू जेथे जेथे आहे तेथे तेथे साध्य आहेच, अशा अव्यभिचारी साहचर्याला व्याप्ती म्हणतात, आणि ते साहचर्य जर एखाद्या लपलेल्या अटीमुळे टिकून असेल तर त्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी असला म्हणजे धूर असतोच असे नाही. इंधन ओले असेल तरच तो असतो, आणि ओले इंधन ही तेथील उपाधी. २०१९ मध्ये नेचर एनर्जी या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात एमआयटी, स्टॅनफर्ड आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूट यांच्या संशोधकांनी लोह-फॉस्फेटचे १२४ सेल वेगवेगळ्या जलद-चार्जिंग क्रमांनी निकामी होईपर्यंत चालवले. कोणी १५० चक्रांत संपला, कोणी २३०० पर्यंत टिकला. आणि क्षमतेत घट दिसू लागण्याआधीच, केवळ पहिल्या १०० चक्रांतील डिस्चार्जच्या वक्रात होणाऱ्या सूक्ष्म बदलावरून, सेलचे आयुष्य सुमारे ९ टक्क्यांच्या चुकीने सांगता आले. हे यश मोठे आहे. पण ते सर्व सेल एकाच प्रकारचे होते, ३० अंश सेल्सिअस ठेवलेल्या कक्षात होते, आणि त्यांच्यात बदलत होता तो मुख्यतः चार्जिंगचा क्रम. हीच व्याप्ती उचलून निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या सेलला लावली, किंवा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे तापणाऱ्या चंद्रपुरात दिवसभर उभ्या राहणाऱ्या रिक्षाला लावली, तर ओल्या इंधनाची अट विसरल्यासारखे होईल. संशोधकांनी आपल्या उपाधी उघडपणे लिहून ठेवल्या आणि डेटाही सर्वांना खुला केला, म्हणून ही मर्यादा वाचकाला दिसते. विक्रेत्याची प्रणाली जेव्हा केवळ आकडा देते आणि तो कोणत्या सेलवरून, कोणत्या तापमानात शिकलेला आहे हे सांगत नाही, तेव्हा उपाधी तशाच राहतात, फक्त झाकल्या जातात.

न्यायशास्त्राने दुसऱ्याला पटवण्यासाठी करायच्या अनुमानाची पाच अवयवांची रचना सांगितली आहे, आणि विकत घेतलेल्या विश्लेषणाकडून किती अपेक्षा करावी याचे माप तिच्यातच मिळते. 'या पॅकमधील सातवा सेल धोक्यात आहे' एवढे म्हणणारा इशारा ही नुसती प्रतिज्ञा झाली. 'कारण वाहन रात्री उभे असताना त्याचा दाब शेजारच्या सेलपेक्षा रोज थोडा अधिक उतरतो' हा हेतू. 'ज्या सेलचा दाब असा उतरत गेला त्यांत अंतर्गत गळती आढळली, जसे की याआधी परत आलेल्या अमुक पॅकमध्ये' हे उदाहरण. 'हा सेलही तसाच उतरतो आहे' हा उपनय, आणि 'म्हणून तो धोक्यात आहे' हे निगमन. ज्या प्रणालीला प्रतिज्ञेखेरीज बाकीचे चार अवयव दाखवता येतात, तिच्याकडून मिळालेले ज्ञान ग्राहकाचे स्वतःचे अनुमान होऊ शकते. जिला ते दाखवता येत नाहीत, तिच्याकडून मिळालेली गोष्ट कितीही अचूक असली तरी ती केवळ वार्ता राहते.

यापेक्षा खोल अडचण काळाची आहे. ज्ञान खरे की खोटे हे त्याच्या फलदायी प्रवृत्तीवरून कळते, असे नैयायिक म्हणतात : पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, म्हणून ते दर्शन प्रमाण. मीमांसकांचे मत उलट. ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक पुरावा येईपर्यंत त्यावर शंका घेण्याचे कारण नसते. आज चार्ज किती आहे या प्रश्नाला नैयायिकांची कसोटी लागू पडते, कारण संध्याकाळपर्यंत गाडी चालवून खरे-खोटे कळते. परंतु 'हा पॅक आठ वर्षे टिकेल' या विधानाचे फळ आठ वर्षांनी मिळणार, आणि कारखान्याला हमी आज लिहून द्यायची आहे. न्यायसूत्रांपुढे हाच पेच वेदाच्या संदर्भात आला होता, कारण स्वर्गाचे वचन येथे तपासता येत नाही. तेथे दिलेले उत्तर असे की मंत्र आणि आयुर्वेद यांचे परिणाम दृष्ट आहेत, ते खरे ठरतात, आणि सांगणारे आप्त तेच असल्यामुळे अदृष्टाविषयीचे त्यांचे वचनही प्रमाण मानावे. बॅटरीच्या बाजारात हा युक्तिवाद रोज केला जातो : आमची प्रणाली आजचा चार्ज अचूक सांगते, तेव्हा आयुष्याचा अंदाजही अचूक असणार. वेदाच्या बाबतीत या युक्तीचे काय व्हायचे ते होवो, येथे ती स्वीकारण्याजोगी नाही, कारण आजचा चार्ज आणि आठ वर्षांनंतरचा ऱ्हास यांची कारणे वेगळी आहेत, आणि एकाचे ज्ञान असणारा दुसऱ्याचा साक्षात ज्ञाता ठरत नाही. नंतरच्या नैयायिकांनी सुचवलेला 'त्याच जातीच्या पूर्वी पडताळलेल्या ज्ञानाशी साम्य' हा मार्गच येथे उरतो, आणि साम्य तपासायचे तर जुना कच्चा डेटा संस्थेच्या स्वतःच्या हाती असावा लागतो.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते याची नोंद जनरल मोटर्सच्या बोल्ट या मोटारीच्या इतिहासात आहे. आगी लागल्यावर कंपनीने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखले, आणि २०२१ मध्ये दोषी सेल ओळखणारे निदान-सॉफ्टवेअर बसवून तो प्रश्न सुटला असे मानले. त्यानंतर हा उपाय केलेल्या दोन मोटारींनी पेट घेतला. मूळ दोष ऋणाग्राची फाटलेली जोडपट्टी आणि दुमडलेला विभाजक हे दोन दुर्मीळ दोष एकाच सेलमध्ये एकत्र येण्यात होता, आणि तेथवर निदानाची नजर पुरेशी पोहोचली नव्हती. अखेर सुमारे १,४०,००० मोटारी परत बोलवाव्या लागल्या. सेल पुरवणाऱ्या एलजीने खर्चाचा मोठा वाटा उचलला; परंतु घराबाहेर उघड्यावर मोटार उभी करण्याची सूचना मालकांना द्यावी लागली ती मोटारीवर जिचे नाव होते त्या कंपनीला. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे : सोम मिळाला नाही तर पूतिका ही वनस्पती चालते, ऋत्विज बदलता येतो, पण यजमानाला प्रतिनिधी नाही, कारण फळ त्याला चिकटलेले आहे. दोष आपल्या प्रोग्रॅमरांचा की पुरवठादाराचा, हे ठरवून पैशाचा हिशेब मिटतो. फळ मात्र वाटले जात नाही. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी विजेच्या दुचाकींना आगी लागल्या आणि त्यानंतर एआयएस १५६ हे सुरक्षा-मानक कडक केले गेले, तेव्हा भारतीय उत्पादकांनाही हाच धडा मिळाला.

विकत घेणे आणि स्वतः घडवणे यांपलीकडचा एक तिसरा प्रकार यज्ञशास्त्राला माहीत होता. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात १७ ते २४ जण एकत्र येत, ते सर्वच यजमान असत आणि सर्वच ऋत्विज, त्यामुळे दक्षिणेचा प्रश्नच उद्‌भवत नसे. ब्रिटनच्या फॅरडे इन्स्टिट्यूशनच्या आधाराने वाढलेली पायबॅम ही बॅटरीच्या भौतिक प्रारूपांची मुक्त प्रणाली या प्रकारची आहे; तिच्या गाभ्याशी १९९३ मध्ये डॉयल, फुलर आणि न्यूमन यांनी मांडलेले समीकरणांचे प्रारूप आहे, आणि ते कोणीही वाचू, तपासू, सुधारू शकतो. चाकण-आकुर्डी पट्ट्यातील लहान पुरवठादारांना मोठा परवानाही परवडत नाही आणि पन्नास प्रोग्रॅमरही पोसता येत नाहीत. त्यांच्यासाठी हा मार्ग सर्वांत योग्य असताना त्याचा विचार सर्वांत कमी होतो, ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे. अर्थात सत्रात प्रत्येकाला ऋत्विजाचे काम यावे लागते, आणि ती अट येथेही सुटत नाही.

मग निर्णय कसा व्हावा? व्याख्या, कच्चा डेटा, सेल उघडून पाहण्याची क्षमता आणि अंतिम निर्णय, म्हणजे पॅक परत बोलवायचे की नाहीत, हे संस्थेने कोणत्याही परिस्थितीत स्वतःकडे ठेवावे. फाइलींची भाषांतरे, साठवण, आलेख, अगदी आयुष्याचे भाकीत करणारी सूत्रेसुद्धा, ती हेतू आणि उपाधी दाखवत असतील तर, निःशंकपणे विकत घ्यावीत. विक्रेत्याची निवड सल्लागारावर सोपवू नये, कारण परिक्रय हे यजमानाचेच कर्म आहे. आणि निवड करणाऱ्यांमध्ये ज्याला व्होल्टचा वक्र वाचता येतो असा निदान एक माणूस असावा, कारण अविद्वानाला परिक्रयाचाही अधिकार नाही. सेलचा एकच प्रकार वापरणाऱ्या आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सुधारत राहणाऱ्या उत्पादकाच्या बाबतीत तोल स्वतः घडवण्याकडे झुकतो, कारण त्याची व्याप्ती इतरांना ठाऊकच नसते. वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या शेकडो बस चालवणाऱ्या परिवहन सेवेच्या बाबतीत तो विकत घेण्याकडे झुकतो, कारण तिचे भूयोदर्शन कधीच पुरे पडणार नाही.

करार लिहिताना एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते. ऋत्विज मध्येच निघून गेला तरी यज्ञ थांबत नाही, दुसरा आणता येतो. पण विक्रेता बंद पडला किंवा विकला गेला आणि डेटा त्याच्याच बांधणीत अडकून राहिला, तर यज्ञच थांबतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पारपत्र द्यावे लागणार आहे, आणि युरोपात वाहने पाठवणाऱ्या भारतीय उत्पादकांनाही ते टळणार नाही. पारपत्रातील माहिती भरण्याचे काम लेखी अधिकारपत्र देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येईल, असे त्या नियमात म्हटले आहे. माहिती अचूक, पूर्ण आणि अद्ययावत असण्याची जबाबदारी मात्र बॅटरी बाजारात आणणाऱ्यावरच ठेवलेली आहे, आणि वाहनातून काढलेली बॅटरी पुढे घरगुती साठवणीसाठी नव्या रूपात बाजारात येईल तेव्हा ती जबाबदारी तिला नव्याने बाजारात आणणाऱ्याकडे जाते, पण तिचे नवे पारपत्र मूळ पारपत्राशी जोडलेले असावे लागते.